विषय: खजिनदारकाकांची मेल आली का कुणाला?

नमस्कार मंडळी,
मी महिनाभर कोथरूडला आईबाबांकडे आलेय. काल रात्री आपल्या मंडळाच्या खजिनदारकाकांच्या नावाने मेल, की गणपतीच्या हॉलचं भाडं आजच भरायचंय, मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, लिंकवरून पैसे टाक. मी कार्ड काढून बसलेच होते तर बाबा चष्मा वर करून म्हणाले, "फोन करू नको म्हणतोय ना, मग आधी फोनच कर." पण पानाच्या पत्त्याशेजारी ते कुलपाचं चिन्ह होतं की हो! मंदारदादा, ते खोटं कसं?
शिल्पा

शिल्पा,
बाबांना नमस्कार सांग, खरं काम त्यांनीच केलंय. मेलवरचं नाव म्हणजे अंतर्देशीय पत्रामागचा पत्ता, लिहिणारा काहीही लिहील, पोस्टमन थोडाच घरी जाऊन बघतो. एसएमटीपी, म्हणजे मेल पोचवायची पद्धत, १९८२ ची, तेव्हा नेटवर मोजकीच माणसं, पाठवणारा कोण हे तपासायची सोयच त्यात नव्हती. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क ही तपासणीची ठिगळं नंतरची, आणि ती पण डोमेनची, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाची खात्री देतात, माणसाची नाही. काकांच्या नावाने मी आत्ता जीमेल खातं काढलं तरी मेल बिनबोभाट पास होणार. नावावर टिचकी मारून खरा पत्ता बघितलास का?

कुलूप म्हणजे मधे कोणी ऐकत नाही, बस. चोराशी पण खाजगीत बोलता येतंच की! त्या कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट तर हल्ली फुकट मिळतं.

आणि तुझ्या पुण्याचंच बघ, ऑगस्ट २०१८, कॉसमॉस बँक, ९४ कोटींच्या आसपास गेले. एटीएमची 'पैसे देऊ का' ही विचारणा बँकेच्या मुख्य सिस्टिमपर्यंत पोचलीच नाही, चोरांनी मधेच बसवलेला नकली स्विच, म्हणजे एटीएमला उत्तर देणारी यंत्रणा, परस्पर 'हो, दे' म्हणत सुटला, तेही २८ देशांतल्या मशीनना. विचारणारं मशीन खरं, उत्तर देणारा तोतया. ओटीपीचं पण तेच, नकली पानावर टाकलास की पलीकडचा त्याच मिनिटाला खऱ्या पानावर टाकतो.

काकांना फोन कर, पण मेलमधल्या नंबरवर नको हं!
मंदार

दादा,
पत्ता बघितला, नाव काकांचं आणि पुढे कसलीतरी अक्षरं न् आकडे. मग दिवाळी अंकाच्या मागच्या पानावरचा नंबर लावला, तिकडे परदेशात पहाटेचे चार हे लक्षातच नाही. काका आधी करवादले, मग म्हणाले मेल माझी नाही, हॉलचं भाडं जूनमध्येच भरलंय, पण बरं झालं फोन केलास, तुझी गेल्या वर्षीची वर्गणी राहिलीय.

ही मागणी खरी निघाली, चेक पाठवते.
शिल्पा