३४ व्या वर्षी दहावी करायचीय. १७ नंबर फॉर्म की एनआयओएस?

देवगडची_सून
नमस्कार सगळ्यांना. मी देवगड तालुक्यात राहते, माहेर राजापूरकडचं. नववी पास झाले, दहावीचं वर्ष चालू असतानाच बाबांचं आजारपण निघालं आणि शाळा सुटली, परीक्षेला बसलेच नाही. मग लग्न, मुलं, आता धाकटा पण पाचवीला गेला. सीझनला आंब्याच्या पेट्या भरायला जाते, बाकीचे महिने काजू फॅक्टरीत. पोस्टात डाकसेवकाची भरती निघते त्याला दहावी लागते, नाहीतर अंगणवाडी मदतनीस म्हणून बघेन. आणि नोकरी नाही लागली तरी मला दहावी पास व्हायचंच आहे. कोणी म्हणतं १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता दहावीला बसायचा फॉर्म भर, कोणी म्हणतं एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) कर त्यात गणित घ्यावं लागत नाही. गणिताचीच भीती आहे. एकाने सांगितलं पैसे भरा, परीक्षा न देता सर्टिफिकेट घरपोच मिळेल, तसलं मला नको. काय करू?

लांज्याचे_गुरुजी
ताई, पहिली गोष्ट म्हणजे तो घरपोच सर्टिफिकेटवाला माणूस परत आला तर दारातूनच परत पाठवा. अशा बोगस बोर्डांची सर्टिफिकेटं पडताळणीत उघडी पडतात, आणि पैसे तर गेलेलेच असतात.

तुम्ही परीक्षेला बसलाच नव्हता म्हणजे तुम्ही १७ नंबरवाल्या, खाजगी विद्यार्थी. बसून नापास झाला असतात तर जुन्याच शाळेतून पुनर्परीक्षार्थी म्हणून फॉर्म भरावा लागला असता, लोक यात फार गोंधळ करतात. वयाला वरची मर्यादा नाही. फॉर्म ऑनलाइन असतो, साधारण पावसाळ्यात सुरू होतो, त्यात जवळची संपर्क केंद्र शाळा निवडायची आणि कागद तिथे नेऊन द्यायचे. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो. दाखला हरवला असेल तर डुप्लिकेट आणि सोबत प्रतिज्ञापत्र. पेपर तेच, हॉल तोच, सर्टिफिकेट पण राज्य मंडळाचंच. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हे आपल्या कोकण विभागीय मंडळात येतात, ऑफिस रत्नागिरीला.

गणिताला १०० पैकी ३५ लागतात. भाग १ आणि भाग २ मिळून ८० चा लेखी, २० अंतर्गत. मी आयुष्यभर गणितच शिकवलं म्हणून सांगतो, मोठी माणसं गणितात मुलांपेक्षा लवकर सावरतात, कारण व्याज, टक्केवारी, हिशोब हे सगळं त्यांनी प्रत्यक्ष केलेलं असतं. तुम्ही पेट्यांचा हिशोब करताच की. अडतं ते बीजगणिताच्या चिन्हांशी, आणि त्यासाठी सातवी-आठवीचं पुस्तक आधी काढायचं, दहावीचं नंतर. ई-बालभारतीवर सगळी पुस्तकं फुकट आहेत.

हर्णैचा_खलाशी
मी एनआयओएसनेच दहावी केली म्हणून सांगतो, ते केंद्र सरकारचं मंडळ आहे, बोगस नाही, सर्टिफिकेट सगळीकडे चालतं. पाच विषय लागतात, मराठी माध्यम मिळतं. मी गणित घेतलं नव्हतं, मराठी, हिंदी, सामाजिक विज्ञान, अर्थशास्त्र आणि डेटा एंट्री. पासिंग ३३. सगळ्यात चांगलं काय तर सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, एकदा अ‍ॅडमिशन झालं की ५ वर्षं आणि ९ संधी, जो विषय सुटला तो सुटला. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा. आमची बोट जून-जुलैत मासेमारी बंदीमुळे किनाऱ्यावर असते तेव्हाच माझा सगळा अभ्यास व्हायचा आणि ऑक्टोबरला पेपर. ताई तुमचा आंबा एप्रिल-मेमध्येच असतो म्हणजे तुम्हाला पण ऑक्टोबरच बरा पडेल. घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटला २० टक्के मार्क असतात ते अजिबात सोडू नका. फक्त अभ्यास केंद्र तुमच्यापासून किती लांब आहे ते आधी साइटवर बघा, आमच्याकडे एसटीने अर्धा दिवस जातो.

मला आखातात जायचं होतं. दहावी पास नसेल तर पासपोर्टवर ईसीआर असा शेरा लागतो आणि तिकडे नोकरीला जाताना सरकारी क्लिअरन्स घ्यावा लागतो, दहावी झाली की ती कटकट संपते. आमच्या वाडीतले किती जण केवळ एवढ्यासाठी दहावी करतात.

टपालवाली
ताई थांबा, गणित सोडायच्या आधी हे वाचा. मी स्वतः ग्रामीण डाकसेवक आहे. या भरतीला दहावीत गणित आणि इंग्रजी हे दोन्ही विषय घेऊन पास असणं लागतं. एनआयओएस चालतं, पण गणित सोडलेलं एनआयओएस इथे चालणार नाही. खलाशीदादांच्या कामाला ते पुरलं, तुमच्या नाही पुरणार. दुसरं म्हणजे परीक्षा नसते, दहावीच्या मार्कांवर मेरिट लागतं. नुसतं काठावर पास होऊन नंबर लागणं फार कठीण, म्हणून घाई करू नका, पण फार लांबवू पण नका कारण वय १८ ते ४० आहे, ओबीसींना तीन आणि एससी-एसटींना पाच वर्षं सवलत. आणि अंगणवाडीला सेविका असो की मदतनीस, आता बारावी लागते.

खरं सांगू का, तुम्ही नोकरी नाही लागली तरी करायचंच असं लिहिलंत ना, ते वाचून फार बरं वाटलं.

देवगडची_सून
बापरे, हे गणिताचं आणि मार्कांचं मला कोणीच सांगितलं नव्हतं, मी उद्याच एनआयओएसला गणित सोडून फॉर्म भरणार होते. सगळ्यांचे मनापासून आभार. घरी बोलणं झालं, हे म्हणाले तू कर, मुलांचं मी बघतो. मग गणित घेणारच. गुरुजी दोन शंका. दाखला माहेरच्या शाळेत आहे आणि त्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मग काय करायचं? आणि सासूबाईंना वाचता येत नाही, माझं बघून त्या पण म्हणतात माका पण शिकव, त्यांच्यासाठी काही असतं का?

लांज्याचे_गुरुजी
फॉर्मवर नाव दाखल्याप्रमाणेच घाला, सर्टिफिकेट पण त्याच नावाने येईल. पुढे नोकरीच्या वेळी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातला नावबदल जोडतात, बऱ्याच बायका असंच करतात. विवाह नोंदणी केली नसेल तर ती मात्र आताच करून घ्या.

सासूबाईंसाठी उल्लास म्हणून केंद्राची योजना आहे, १५ वर्षांच्या पुढच्या निरक्षरांसाठी. शेवटी १५० मार्कांची चाचणी असते, वाचन, लेखन, अंकगणित प्रत्येकी ५०. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत विचारा, शिकवणारा स्वयंसेवक तुम्ही स्वतः पण होऊ शकता.

तुम्ही सहाही विषय एकदम झेपतील असं वाटत असेल तर १७ नंबर, एकेक करत जायचं असेल तर गणित-इंग्रजी घेऊन एनआयओएस. १७ नंबरला दाखला लागणारच, म्हणून आधी राजापूरला जाऊन या. शनिवारी शाळा सकाळची असते, लवकरची गाडी पकडा.