दलदलीच्या कडेची, चीक येणारी तपकिरी अळंबी नेमकी कोणती?

प्रश्न
दक्षिण फिनलंडमध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीला, पाइन आणि स्प्रूस यांच्या मिश्र जंगलात, दलदलीच्या कडेला शेवाळातून उगवलेली ही अळंबी मला मिळाली. टोपी साधारण 8 सेंटीमीटर रुंद, कोरडी आणि विटकरीकडे झुकणारी तपकिरी आहे. मोडल्यावर चीक येतो. ही लॅक्टेरियस रूफस असावी असे मला वाटते, जी तिथले लोक उकळून, ते पाणी फेकून देऊन मगच खातात. ओळख बरोबर आहे का?

पहिले उत्तर
चिकाचा रंग आपण लिहिलेला नाही, आणि इथे सारे त्यावरच ठरते. रूफसचा चीक दुधासारखा पांढरा असतो व हवा लागूनही तसाच राहतो. तिच्या टोपीच्या मध्यभागी बहुधा एक लहानसा उंचवटा असतो. मला खटकते ती दलदलीची कड, कारण तशाच जागी लॅक्टेरियस हेल्वस ही विषारी जातही वाढते, जिचा चीक पाण्यासारखा पातळ व जवळजवळ रंगहीन असतो, टोपी अधिक फिकट व बारीक लव असल्यासारखी दिसते आणि वाळल्यावर मेथीसारखा उग्र वास येतो. रूफसचा तिखटपणा जिभेवर थोड्या वेळाने चढतो हे खरे. पण हेल्वसची शक्यता उरली असताना चव घेऊन पाहण्याचा मोह टाळावा.

दुसरे उत्तर
वरील मत पटते. एक भर घालतो : चीक केशरी असता तर झाडावरून बरेच कळले असते, कारण लॅक्टेरियसच्या केशरी चिकाच्या जातींपैकी डेलिसिओसस पाइनखाली येते आणि डेटेरिमस स्प्रूसखाली. रूफस आणि हेल्वस मात्र दोन्ही झाडांखाली आढळतात, त्यामुळे इथे झाडाचा उपयोग नाही. शिवाय जून किंवा सुकलेल्या अळंबीतून चीक नीट येत नाही. कोवळी, ताजी अळंबीच कापून पाहावी.

प्रश्नकर्ता
आज कोवळी अळंबी कापली. थेंब अगदी पाण्यासारखे स्वच्छ निघाले, आणि रात्रभर वाळत ठेवलेल्या तुकड्यांना मेथीचा वास स्पष्ट येतो आहे. रंगावर विसंबून मी चुकलो. सगळ्या टाकून दिल्या आहेत.

पहिले उत्तर देणारे
मग ही हेल्वसच. त्याच टोपलीत इतर अळंब्या असतील, तर त्यांत हिचे तुकडे मिसळलेले नाहीत ना, तेही एकेक करून तपासा.