सर्किट आणि फर्मवेअर दोन्ही शिकावं, की एकच धरावं?

रिलेवाला:
पुतण्याचं इलेक्ट्रॉनिक्स झालं. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा), पीसीबी (पार्ट बसवायचा छापील बोर्ड), फर्मवेअर (बोर्डावरच्या चिपमध्ये चालणारा कोड) सगळंच करावं लागेल. पुण्यात नुसतं फर्मवेअर, पगार बराच जास्त. माझं मत हिंगण्याला. शेतीपंपाचा कंट्रोलर घ्या. कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच, ओढला की बोर्ड रिसेट होतो. कोडवाला म्हणतो सर्किट बघा, सर्किटवाला म्हणतो कोड बघा, आणि शेतकरी दोघांच्या नावाने बोटं मोडतो. दोन्ही येणारा पोरगा आधी रिसेट का झाला याची नोंद ठेवणारं चिपमधलं रजिस्टर वाचतो. वॉचडॉगने, म्हणजे कोड अडकला की चिप रिसेट करणाऱ्या टायमरने झाला असेल तर कोडात शिरतो. ब्राउन-आउट, म्हणजे व्होल्टेज पडल्याने झालेला रिसेट दिसला तर चिपला वीज देणाऱ्या ३.३ व्होल्टच्या लाइनवर स्कोप लावतो, कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर झटका शोषणारा स्नबर आहे की नाही ते पाहतो.

पुण्यातला वऱ्हाडी:
काका, पोराने काढलेलं स्कीमॅटिक तिथे तपासणार कोण? स्वतःच काढा, स्वतःच पास करा. आयटूसीच्या, म्हणजे चिप एकमेकींशी बोलतात त्या लाइनला लागणारा पुल-अप रेझिस्टर टाकायचा राहून गेला तर ते बोर्ड छापून आल्यावर कळणार. आमच्याकडे रिव्ह्यूशिवाय एक ओळ पुढे सरकत नाही. पहिल्या नोकरीत हीच सवय लागायला हवी. छोट्या कंपनीत दोन माणसांचं काम एका पगारात, वर ‘शिकायला मिळतंय ना’ हे ऐकून घ्या.

बर्डीचा गडी:
पगाराचं पटलं बाप्पा. पण इथला मे महिना विसरला काय? बाहेर ४५ अंश, उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत त्याहून कितीतरी जास्त. त्यात १२ व्होल्टवरून ३.३ वर आणणारा लिनियर रेग्युलेटर १०० मिलीअँपला ०.८७ वॉट नुसता तापण्यात घालवतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांमागे साधारण निम्मं होतं. ८५ अंशांना २००० तास चालणारा स्वस्तातला माल ७५ ला ४००० तास, म्हणजे सलग चालवला तर साडेपाच महिने. १०५ अंशांवाला, तेवढ्याच तासांचा घेतला तर १६००० तास. फरक काही रुपयांचा. एसीत बसून कोड लिहिणाऱ्याला हे सांगावं लागतं, पेटी उघडणाऱ्याला नाही.

पुण्यातला वऱ्हाडी:
डेटाशीट पुण्यातही उघडते, थर्मल चेंबरही असतं. ईएमआय (विद्युत-चुंबकीय अडथळ्याच्या) टेस्टला शेवटी तुम्हीच बोर्ड घेऊन पुण्या-मुंबईला येता. आणि सगळं थोडं थोडं येणाऱ्याला पाच वर्षांनी इंटरव्ह्यूत आरटीओएसवर (चिपवरची कामं वेळेत वाटून देणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर) खोदून विचारलं की बोबडी वळते.

रिलेवाला:
आरटीओएस घरी बसून शिकता येतं, बोर्ड ताब्यात असला तर. फील्डवरून जळून आलेला बोर्ड घरी कोण आणून देणार? पोराला म्हटलं, दोन्हीकडे विचार की परत आलेला माल कोण उघडतं. हिंगण्यात ‘तूच’ म्हणाले तर हो म्हण.

बर्डीचा गडी:
आणि काटोल-सावनेरला साइटवर जायचं पेट्रोल कोण देतं, हेही विचारायला सांगा.