मदत हवी आहे: शनिवारी गिरणाऱ्याला पार्टी, बीअर ठेवली तर लफडं होईल का?

गोदाकाठ: मुलाचा वाढदिवस. नाशिकला गंगापूर रोडच्या पुढे, गिरणाऱ्याजवळ फार्महाऊस घेतलंय. पंधरा-वीस जण. दोन क्रेट बीअर मीच आणून देणार, म्हणजे पोरं लपूनछपून काही करणार नाहीत. मालक म्हणतो, 'सर्व जबाबदारी पाहुण्यांची' अशा कागदावर सही करा. करू का? लवकर सांगा, भाषण नको.

सातपूर_सेकंड_शिफ्ट: मुलाचं वय?

गोदाकाठ: अठरा पूर्ण. सज्ञान आहे.

सातपूर_सेकंड_शिफ्ट: मतदानाला सज्ञान. महाराष्ट्रात बीअर-वाईनला 21 लागतात, हार्डला 25. आणि मित्र?

द्राक्षबागवाला: दारू पिण्याचं परमिट विसरू नका! एक दिवसाचं पाच रुपयांत दुकानातच मिळतं. आमच्याकडे कुणी काढत नाही तो भाग वेगळा.

सातपूर_सेकंड_शिफ्ट: भाऊ, ते विचारलंच नाहीये. शिवाय वयात बसत नसेल त्याला परमिट कसलं? गोदाकाठ, मित्रांचं वय सांगा.

गोदाकाठ: बारावीची बॅच. कोणी सतरा, कोणी अठरा. सगळ्यांच्या आयांनी ग्रुपवर हो म्हटलंय.

काळा_कोट: इथेच थांबा. अठराच्या आतल्या मुलाला दारू दिली की बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 77 लागतं. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. सूट फक्त आजारपणात डॉक्टरने सांगितलं असेल तर. आयांच्या होकाराला त्यात जागा नाही. विकली काय, फुकट पाजली काय, 'दिली' एवढं पुरतं. तुमचा मुलगा या कलमात येत नाही, त्याला राज्याचा दारूबंदी कायदा आहे. पण सतरावाला एक जरी असला तरी तुम्ही अडकलात.

मखमलाबादकर: एवढं काही नसतं हो. गिरणाऱ्याला कोण बघायला येतंय? आम्ही पोराला घरीच दोन घोट दिले, आज तो व्यवस्थित आहे.

काळा_कोट: तुमचं पोर तुमच्या घरात होतं. इथे दुसऱ्यांची पोरं आहेत. एकाला जरी उलट्या होऊन दवाखान्यात न्यावं लागलं, तर कोणी दिली हा पहिला प्रश्न. मग ग्रुपवर हो म्हणालेली हीच आई फिर्याद देईल.

मखमलाबादकर: तुम्हा वकिलांना सगळीकडे केसच दिसते.

इंदिरानगर_आई: पोरं परत कशी येणार?

गोदाकाठ: आपापल्या गाड्यांनी. का?

इंदिरानगर_आई: का काय विचारता! मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला काय झालं? सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे, दोन जीव गेले. पबवाल्यांना अटक झाली, बापालाही.

काळा_कोट: बरोबर, तिथे बाल न्याय अधिनियमाची 75 (मुलाशी क्रूरता, हेळसांड) आणि 77 दोन्ही कलमं लावली होती. वर गाडी. अल्पवयीन चालवताना गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्याचं 199अ: पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

द्राक्षबागवाला: वाईन ठेवा ना, नाशिकची शान! वाईन काय दारू थोडीच.

सातपूर_सेकंड_शिफ्ट: वाईनलाही 21च. वर लिहिलंय.

गोदाकाठ: आणि तो कागद? सगळे तेवढं सोडून बोलताय.

काळा_कोट: करू नका. फौजदारी जबाबदारी अशा कागदावर सरकत नाही. मालकही त्याने सुटत नाही, पण यजमान कोण हे तुमच्या सहीने लिहून मिळतं.

गोदाकाठ: बरं, बीअर रद्द. ॲडव्हान्स परत मिळेल का?

इंदिरानगर_आई: पार्टी कशाला रद्द करता? सकाळी चुलीवरची मिसळ ठेवा, पोरं ताव मारतील.

मखमलाबादकर: अठरा वर्षांच्या पोराला वाढदिवसाला मिसळ! पोरं दुसरीकडे जाऊन पितील ते बघा मग.

द्राक्षबागवाला: आणि रात्री दहानंतर डीजे बंद ठेवा, गावातले लगेच 112 फिरवतात.

गोदाकाठ: डीजेचं कोणी विचारलं? ॲडव्हान्सचं सांगा.