रोज चालायचं तर पावलं मोजावीत की मिनिटं? आणि नडगी का दुखते?

नवाचालक
बैठं काम, वय चाळिशीच्या पुढे, वजन ७० किलो. एकदम रोज १०,००० पावलं सुरू केली आहेत. दुसऱ्या आठवड्यापासून दोन्ही नडग्या पुढच्या बाजूने भरून येतात, परत येईपर्यंत हातांची बोटं सुजतात. त्यात वीस मिनिटांनंतर कंटाळा. जाणकारांनो, नेमकं काय चुकतंय? १०,००० चा आकडा पाळायलाच हवा का?

तळपाय
आधी नडगी. टाच टेकल्यावर पंजा धपकन आपटू नये म्हणून नडगीच्या पुढचा स्नायू तो हळूहळू खाली सोडत असतो. वेग वाढवायचा म्हणून लोक लांब ढांगा टाकतात, मग टाच शरीराच्या बरीच पुढे पडते आणि दर पावलाला या स्नायूवर जास्त ओढ येते. बैठ्या माणसाचा हा स्नायू तसाही कच्चा असतो. त्याला एकाएकी रोजची हजारो पावलं दिली की तो तक्रार करणारच.

उपाय: आठवडाभर अंतर निम्मं करा. पहिली पाच मिनिटं रमतगमत चाला. वेग हवा असेल तर पाऊल लांब न टाकता आखूड आणि भराभर टाका. जोर मागच्या पायाच्या अंगठ्याने जमीन ढकलण्यात हवा, पुढचा पाय फेकण्यात नाही. घरी भिंतीला पाठ टेकून टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा आणि फक्त चवडे उचला, १५ वेळा, असे तीन फेरे. पोटरीचा ताणही रोज द्या, कारण आखडलेली पोटरी या स्नायूला उलटं खेचते.

बूट हातात घेऊन वाकवून बघा. बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. अजिबात वाकत नसेल तर नडगी दुखणार, मधोमध घडी पडत असेल तर तळव्याला आधार नाही. खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर आतला मऊ थर बसतो, वरून बूट कितीही नवा दिसो.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. दुखणं पसरट न राहता एका बोटाने दाखवता येईल अशा जागी हाडावर असेल, किंवा झोपल्यावरही ठणकत असेल, तर चालणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो.

हिशेबी
१०,००० हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोल होता, चिकटला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १६,७०० स्त्रिया होत्या. रोज २,७०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फरक फारसा वाढला नाही. (आजारी माणूस मुळातच कमी चालतो, हे अशा अभ्यासांबाबत विसरू नये.)

माझं मत: मिनिटं मोजा, आणि त्यातला वेग तपासा. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा आहे. सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अट त्यात काढून टाकली आहे, त्यामुळे तुकडे चालतात. मध्यम म्हणजे मिनिटाला साधारण १०० पावलं. दहा सेकंदांत १७ भरली की झालं. घड्याळ नको असेल तर बोलून बघा: वाक्य पुरं करता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, हा वेग बरोबर.

वजन उतरवायला चालत असाल तर हिशेब आधीच ऐका. ७० किलोच्या माणसाला सपाट रस्त्यावर ५ किलोमीटर चालायला विश्रांतीपेक्षा जादा लागतात साधारण पावणेदोनशे कॅलरी. नंतरच्या एका वाटीभर फरसाणात त्या वसूल होतात.

भटकभवानी
कंटाळ्याचं कोणीच बोललं नाही! तोच मुळात निम्मे चालणारे गळण्याचं कारण. जाऊन-येऊन एकाच रस्त्यापेक्षा गोल वाट निवडा, परतीचं तेच ते दृश्य टळतं. तीच वाट आठवड्यातून एकदा वेगळ्या वेळी चाला, सावल्या आणि पक्ष्यांचे आवाज बदलले की ती ओळखूही येत नाही. फेऱ्या मारत असाल तर मोबाइलऐवजी खडे वापरा. चार्ल्स डार्विन आपल्या घरामागच्या वाटेवर वळणाशी दगडांची रास ठेवायचा आणि दर फेरीला एक दगड बाजूला करायचा. फेऱ्या मोजायचं काम दगडांकडे, डोकं मोकळं. अडलेला विचार चालताना सुटतो, तेव्हा त्या वेळी कानात काही कोंबू नका. पदपथ नसेल तर समोरून वाहनं येतात त्या कडेने चाला.

नवाचालक
धन्यवाद. ढांगा लांब पडतात हे खरंच आहे. दोन शंका: जेवणानंतर चाललेलं बरं की उपाशीपोटी? आणि बोटांचं राहिलंच.

तळपाय
बोटं: हात सरळ लोंबकळत ठेवले की रक्त खाली साचतं. कोपर काटकोनात दुमडा, हात पुढे-मागे झुलवा, छातीच्या मध्यरेषेपलीकडे नेऊ नका, अधूनमधून मुठी आवळा. अंगठी, घड्याळ सैल हवं. हातात वजनं घेऊन चालायचं फॅड सोडा, खांदे आणि कोपरं बिघडतात.

हिशेबी
वेळ जमेल ती. पण रक्तातल्या साखरेसाठी जेवणानंतरची १० मिनिटं उजवी. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतो. वेग साधाच ठेवा, पोट डचमळलं तर पंधरा मिनिटं थांबून निघा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर ठेवा, आणि परतल्यावर तळवे बघा, मधुमेहात फोड दुखतही नाही. ठरावीक अंतर गेल्यावर पोटरी वळते आणि उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत थांबते, असं वारंवार होत असेल तर तो थकवा समजू नका, पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्या.