प्रतिसाद: सोनेरी बॅट आणि गुलाबी कुत्रं

'इव्हँजेलियन' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतल्या शिंजी या मुलाचे हेडफोन म्हणजे वास्तवापासूनची पळवाट, असं या चर्चेत आधी कुणीतरी लिहिलंय ते पटलं. पण जपानी दिग्दर्शक सातोशी कोनची 'पॅरानोइया एजंट' ही अ‍ॅनिमे मालिका (२००४, १३ भाग) मला त्याहून बोचरी वाटते. तिथे पळवाटेला दोन तोंडं आहेत: वाकडी सोनेरी बॅट घेऊन डोकी फोडणारा पोरगा आणि मारोमी नावाचं गोंडस, गुलाबी कुत्रं. कोंडीत सापडलेल्यांना बॅटचा फटका म्हणजे सुटकाच. तापामुळे परीक्षा चुकावी तशी. आणि मारोमी गोड आवाजात सांगत राहतो, तुझी काही चूक नाही, आराम कर. मला तर त्या कुत्र्याचीच जास्त भीती वाटली! दोघांचंही मूळ लहानपणच्या एकाच थापेत आहे (पुढचं सांगत नाही, रसभंग होईल). सुरुवातीचं शीर्षकगीतही नीट बघा: मागे पूर, अणुस्फोटाचा ढग आणि पुढे पात्रं खदाखदा हसतायत.