पीडीएफ म्हणजे विदा (डेटा) नव्हे

"जुने उत्खनन अहवाल स्कॅन करून चढवले की काम झालं", असं मत बरेचदा मांडलं जातं. मला ते अर्धंच पटतं. वाचायला सोय होते, पण खापरांच्या तक्त्याचं चित्र म्हणजे विदा नव्हे. त्यावर ना गाळणी (फिल्टर) लावता येते, ना बेरीज करता येते.

मी एकदा उत्खननाच्या जुन्या नोंदवहीतले खापरांचे आकडे स्प्रेडशीटमध्ये भरत होतो. 'स्तर' या रकान्यात '३-५' लिहिलं आणि स्प्रेडशीटने परस्पर '३ मे' करून टाकलं! चाळीसेक ओळी गेल्यावर लक्षात आलं. नोंदवहीतही एका रकान्यात 'जोर्वे' (खापरांचा एक प्रकार), दुसरीकडे 'जो.', तिसरीकडे नुसता '४'. तो ४ म्हणजे काय, हे मूळ नोंद करणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो केव्हाच निवृत्त झालेला.

लंडनच्या न्यूहॅम संग्रहालयाचा पुरातत्त्व विभाग १९९८ च्या सुमारास बंद पडला, तेव्हा दोनशेच्या वर फ्लॉपी पुरातत्त्वाची डिजिटल विदा जपणाऱ्या यॉर्कच्या आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिसकडे आल्या. काही फाइली जुन्या फॉरमॅटच्या, काही उघडल्या तरी सांकेतिक खुणांची किल्लीच नव्हती. म्हणून साधी सीएसव्ही (कुठेही उघडणारी, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली मजकुराची फाइल) आणि सोबत प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी एक फाइल, एवढं तरी हवंच. सीआयडॉक सीआरएम हे सांस्कृतिक वारशाची माहिती एकसारखी मांडण्याचं आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ २११२७) उत्तम आहे, पण तिथवर पोचायच्या आधी 'जोर्वे' एकाच पद्धतीने लिहू या की!

फक्त स्थळांचे अचूक अक्षांश-रेखांश सरसकट खुले करू नयेत. खजिना शोधणारेही नकाशे वाचतात.